नव्या कन्व्हर्टरचा वास

सायलेन्सरपाशी वाकायचं, डोळे मिटायचे, दोनदा श्वास ओढायचा आणि सावकाश मान हलवायची. पाच वर्षं मी हे करत आलो. गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री मन लावून हुंगतोय. मी खरं तर कान देऊन बसलेला असायचो, की हा आपणहून काही सुचवतोय का. बहुतेक जण सुचवायचेच. "कच्च्या पेट्रोलचा येतोय ना?" असं कुणी म्हटलं की मी म्हणायचो, "तेच म्हणतोय मी."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझं नाक गेलं. ताप चार दिवसांत उतरला. महिन्याभरात गोड, खारट, तिखट कळायला लागलं. वास मात्र आलाच नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. मग मी त्यांच्याकडे जाणंच बंद केलं.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर त्यानं चारचौघांत सांगितलं असतं, हसला असता. पण सोलापुरात माझं गॅरेज चालत होतं ते नाकावरच. ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो त्यांनी पान्याच्या आधी मला वास शिकवले होते. क्लच जळला की केस जळल्यासारखा वास, कूलंट गळतं तेव्हा पाक लागल्यासारखा, मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की सडक्या अंड्यासारखा. "पैले सूंग, बाद में खोल," असं म्हणायचे. टेंभुर्णीहून, वैरागहून माणसं गाडी घेऊन यायची ती 'नाकवाल्या मिस्त्री'कडे. त्यांना काय सांगणार होतो? मी बायकोलाही सांगितलं नाही. जेवताना "आज फोडणी झकास बसलीय" म्हणायचो. ती खूश व्हायची. मला घास गिळवायचा नाही, पण म्हणायचो.

या पाच वर्षांत किती गाड्या अशा पाहिल्या, त्याचा हिशोब मला देता येणार नाही. बहुतेकींचं काही बिघडलं नसावं. गळती शोधायला साबणाचं पाणी आणि कान यांवर बरंच भागतं. एका गाडीबद्दल मात्र लिहायचं आहे.

भवानी पेठेत एक तेलुगू बोलणारं विणकर कुटुंब आहे. घरातच टॉवेलचे चार यंत्रमाग, नवरा-बायको दोघंही मागावर. नवरा माझ्या वयाचा. त्याला मी मालक म्हणतो. बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही तेच म्हणतो. त्यांची जुनी व्हॅन चढावर दम खायला लागली म्हणून माझ्याकडे आली. सायलेन्सरच्या आधी कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो. धुरातलं विष जाळायचं त्याचं काम. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. त्यांची जाळी फुटून गच्च झाली होती. मी नवा डबा बसवला. गाडी पळायला लागली. मालक खूश.

गाडी देताना मी सांगितलं, "नवीन हाय, दोन दिवस वास मारंल. वरचा तेलकट थर जळतो. मग जाईल."

हे खरंच असतं. नव्या कन्व्हर्टरचा असा वास येतो आणि जातो. पण सहाव्या दिवशी दोघं पुन्हा आले.

"वास यायलाय की ओ मिस्त्री," अक्का म्हणाल्या. "मागं बसलं की लई यायलाय. डोळे चुरचुरायलेत."

मालक तंबाखू मळत उभे होते. "मला तर कायच येत न्हाई. हिलाच येतंय."

"तुमच्या नाकात तंबाखू भरलीय."

"मग मिस्त्रीला विचार की. त्यांचं तर तंबाखूचं न्हाई ना नाक!"

मी गाडी चालू केली. मागचं दार लावलेलं होतं. बाजूच्या दारातून मागच्या भागात डोकं घातलं, डोळे मिटले, श्वास ओढला. काहीच नाही. कधीच काही नसतं. दोघं माझ्याकडे बघत होते आणि या वेळी कुणी काही सुचवत नव्हतं. एक म्हणत होता नाही, एक म्हणत होती आहे. मी सोपी बाजू घेतली.

"गेलाय की आता," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण थांबलो नाही. "कधी कधी काय होतं अक्का, वास नाकातच बसतो. गाडीत नसतो, आपल्यालाच वाटत राहतो."

मालक मोठ्यानं हसले. "ऐकलं? मिस्त्री म्हणायलेत. नाकातच हाय!"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, जरा ओशाळून. दुसऱ्याचा वेळ उगाच घेतला असं वाटलं की माणूस बघतं, तसं. ती नजर मला पुढे कुठेकुठे दिसत राहिली.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा डोळ्यांना नवा चष्मा होता. डोकं सारखं दुखतंय म्हणून दाखवलं, तर जवळचा नंबर निघाला म्हणे. "तरी दुखायलंयच," त्या म्हणाल्या. "बघा की ओ एकदा नीट. मला वेड लागलं का काय तेवढं तरी कळू दे."

त्या दिवशी मी खरोखर काम केलं. गाडी खड्ड्यावर घेतली. नळीच्या शेपटाकडून हवा मारली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ओतलं. पुढच्या जोडावर बारीक बुडबुडे आले. गॅस्केट तिरकं बसलं होतं, माझंच काम. दुसरं टाकलं, बोल्ट नीट आवळले, पुन्हा पाणी ओतलं, बुडबुडा नाही. मला हायसं वाटलं. सापडलं एकदाचं! अक्कांना बोलावून दाखवलंसुद्धा, की बघा, हितनं येत होता, तुमचं बरोबर होतं.

"मग आता हुंगून सांगा."

पुन्हा वाकलो. पुन्हा डोळे मिटले. "शंभर टक्के गेला."

त्यानंतर महिनाभर कुणी आलं नाही. गिऱ्हाईक आलं नाही म्हणजे गाडी बरी आहे, असं आम्ही धरतो. मी धरलं खरं, पण रस्त्यात तसल्या रंगाची व्हॅन दिसली की माझी मान वळायची.

मग एका सकाळी मालक टायरमध्ये हवा भरायला म्हणून थांबले. मजेत होते. "परवा काय झालं माहितीय का मिस्त्री? आमची बाई झोपली की ओ गाडीत! बीम धरून, बसल्या बसल्या! घरी आलो तरी उठंना. हलवून हलवून उठवली. आन् उठल्यावर उलटी. म्हणलं आता गाडीपण लागायली का हिला!"

मी टायरवरचा हवेचा पाइप काढला.

"कुठलं बीम?"

"बीम ओ, मागाचं. सायझिंगवरनं आणतो की."

बीम म्हणजे ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेला लोखंडी रूळ. धाग्यांना खळ लावणाऱ्या कारखान्यातून तो मागावर आणतात. ते मला माहीत होतं. पण ही माणसं तो या व्हॅनमधून आणतात, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे गाडी नेहमी रिकामीच यायची. मालक सांगत गेले. बीम व्हॅनच्या मागच्या जागेपेक्षा हातभर लांब. मग मागचं दार वर उचलायचं, टोक बाहेर काढायचं आणि दार सुतळीनं अर्धवट बांधायचं. आणि अक्का त्या उघड्या दारापाशी खाली बसून बीमवर हात ठेवायच्या.

"त्यांना पुढं बसवा की," मी म्हणालो.

"न्हाई बसत. आमच्याकडं बीम एकटं येत न्हाई, मिस्त्री. घरच्या बाईनं हात लावूनच आणायचं. माझी आई तसंच आणायची, हातगाडीवर. उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं की मग हात काढायचा."

चालत्या गाडीचं मागचं दार उघडं असलं की धूर आत खेचला जातो. हे शिकाऊ मिस्त्रीलाही ठाऊक असतं. त्यातलं जे मारतं त्याला वास नसतो. उस्ताद म्हणायचे, बू आरई तो खुदा का शुकर कर, जिसमें बू नै वो सुलाती. वासाबरोबर ते येतं, म्हणून वासाला मान द्यायचा. अक्का वासाला मान देत होत्या. दोन वेळा माझ्या दारात येऊन सांगत होत्या. आणि मी त्यांना सांगितलं होतं की नाकात बसलाय.

त्या दिवशी माझ्या हातून एकही काम धड झालं नाही. दुपारी शटर अर्धं ओढून मी भवानी पेठेत गेलो. घरात मागांचा एवढा खडखडाट की ओरडूनच बोलावं लागतं. अक्का तुटलेला धागा जोडत होत्या. मला बघून त्यांनी माग थांबवला.

"बरं हाय का आता?" मी विचारलं.

"मला काय झालंय? नाकातच हाय की माझ्या." असं म्हणून त्या हसल्या. टोमणा बरोबर लागला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक बीम यायचं होतं. मी म्हणालो, मी येतो, मागं बसतो तुमच्याबरोबर. तोपर्यंत दोन्ही वेळा मी मागे बसून जायचं टाळलं होतं. रिकाम्या गाडीत, गॅरेजच्या दारात मी पाहणी उरकायचो, कारण गाडीत कुणाशेजारी बसलं की नाटकाला जागा उरत नाही.

सायझिंगवर बीम चढवलं. एका बाजूला अक्का, एका बाजूला मी, मध्ये पांढरं, जुन्या चादरीनं झाकलेलं बीम. मागे दार अर्धं उघडं, सुतळीनं ताणलेलं. मालकांनी पुढच्या काचा उघडल्या आणि निघाले. गर्दीत गाडी रांगत होती. थोड्याच वेळात माझे डोळे चुरचुरायला लागले. मी जीव तोडून श्वास घेत होतो. वास मात्र कुठेच नव्हता.

"आला बघा," अक्का म्हणाल्या. "आला का तुमाला?"

"आला."

"कसलाय?"

"धुराचाच."

"जळका का पेट्रोलचा?"

"जळकाच म्हणायचा," मी अंदाजानं बोललो. एका वळणावर गाडी थांबली. "बघा, आता तर लईच आलाय," त्या म्हणाल्या.

"हां, आता जोरात येतोय. गाडीचाच हाय," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "शेंगा भाजायलेत ओ तितं," त्या हळू म्हणाल्या. बोटानं गल्लीतली भट्टी दाखवली. "चटणीवाल्याची भट्टी हाय. गाडीचा त्यात दबून गेलाय. सगळी गल्ली घमघमायलीय. तुमाला शेंगांचा वास कळंना?"

मी कबुली दिली असं लिहिणं खोटं होईल. मी सापडलो. अजूनही एखादी थाप मारता आली असती, सर्दी म्हणता आलं असतं. पण ही बाई इथे बसून झोपली होती, आणि कुणी हलवलं नसतं तर उठली नसती. "मला वास येत नाही, अक्का," मी म्हणालो. "पाच वर्षं झाली. कसलाच येत नाही."

त्या तेलुगूत मालकांना काहीतरी बोलल्या. त्यांनी गाडी बाजूला घेतली. मालक मागे वळून बघायला लागले.

"मग मला कशाला म्हणालाव, नाकात बसलाय म्हणून?"

मी बीमवरची घसरलेली चादर सारखी केली.

"ह्यांनी घरभर सांगितलं. नणंद आली तर तिला सांगितलं. मी पदर नाकाला लावला की पोरी हसायच्या. मलाच वाटायला लागलं, आपलंच बिघडलंय काहीतरी. आंधळ्याला रंग दाखवत बसले व्हय मी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. बीमवरचा हातही निघाला नव्हता.

"शोधायला पाहिजे," मी म्हणालो. "मी विचारतो, तुमी हुंगा."

"हात कसा काढू?"

मग मालक उतरून मागे आले आणि त्यांनी बीमवर हात ठेवला. "माझा चालतोय तेवढा वेळ," असं म्हणाले. चालतो की नाही याची त्यांनाही खात्री नसावी. अक्का उतरल्या. इंजिन चालू ठेवून आम्ही गाडीभोवती फिरलो. पुढच्या चाकाशी? नाही. जोडाशी? नाही. बाजूच्या दाराशी? थोडा. आणि मागे आल्यावर त्या गुडघ्यावर बसल्या, पदर सावरला, वाकल्या आणि लगेच तोंड फिरवलं.

"हितं. हितनं निघतंय आन् असं वर आत जायलंय." त्यांनी बोटानं वाट काढून दाखवली.

मी वाकून बघितलं. सायलेन्सरच्या नळीचं शेपूट बंपरच्या बाहेर यायला हवं. ते चांगलं वीतभर आतच संपलं होतं, गाडीच्या पोटाखाली. धूर तिथेच कोंडून उघड्या दारातून वर चढत होता. टोक गंजलेलं नव्हतं, सरळ कापलेलं होतं. ग्राइंडरची खूण होती. माझ्याच.

तेव्हा आठवलं. नवा डबा बसवताना जुन्या नळीचं टोक गंजून भुगा झालं होतं. ते मी उडवलं आणि नवा तुकडा जोडायचा राहिला. उद्या जोडू म्हणालो असेन. नंतर साबणाच्या पाण्याच्या वेळी याच टोकातून हवा मारली, पण तेव्हा नजर फक्त जोडांवर होती. नाक असतं तर गाडी बाहेर काढतानाच कळलं असतं.

तेही मी सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर ते बंद करणं जमेना.

मालक बीमवर हात ठेवून उभे होते. आतापर्यंत ते हसण्यावारी नेत होते. आता त्यांचा चेहरा उतरला. "झोपली होती ओ ती, मिस्त्री," ते म्हणाले. "मी हसत होतो."

अक्का पुन्हा आत जाऊन बसल्या, बीमवर हात ठेवला. इंजिन बंद केलं होतं; ते पुन्हा चालू करायची माझी हिंमत नव्हती आणि मालकांचीही नव्हती. घर दोन गल्ल्यांवर होतं. आम्ही दोघांनी व्हॅन ढकलत नेली. मालकांचा एक हात स्टिअरिंगवर, मी खांदा लावून. कोपऱ्यावरचा चहावाला ओरडला, "काय मिस्त्री, नवीन पार्ट टाकला म्हणं! ढकलायचा हाय व्हय तो?" मी मान खाली घातली. घाम डोळ्यांत जात होता. आतून अक्का मध्येच म्हणायच्या, "हळू, बीम हलतंय."

त्याच दिवशी गाडी गॅरेजवर घेतली. नळीला लांब तुकडा वेल्ड केला, बंपरच्या बाहेर, बाजूला वळवून. पण नळी कितीही लांब केली तरी दार उघडं ठेवून बीम आणणं धोक्याचंच. म्हणून डाव्या बाजूची पुढची सीट काढली. आता बीम पुढपर्यंत सरकतं आणि मागचं दार पूर्ण लागतं. अक्कांना बीमला लागूनच आत बसता येतं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती ताट वाढत होती. ती थांबली. म्हणाली, "मग परवा मेथीचा वास घरभर सुटलाय म्हणालात ते?" मी ताट पुढे ओढलं. "आणि मी माहेरी गेले तेव्हा आठ दिवस तुम्ही एकटेच होतात घरात. गॅस चालू राहिला असता म्हणजे?" मग ती उठली, आत गेली. गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला. अजून दूध तापायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून जेवण कसं झालंय हे विचारायचं तिनं सोडलं.

गिऱ्हाइकांनाही आता सांगतो. वासाची तक्रार असेल तर आधीच सांगतो की मला येत नाही, तुम्हाला हुंगावं लागेल. काही जण थांबतात. काही जण गाडी वळवतात. ज्यांच्या जुन्या गाड्या आठवतात त्यांना फोन करतोय, एकेक. सगळ्या आठवत नाहीत, हेच डोक्यात फिरत राहतं.

सीट काढल्यावर पहिलं बीम आणायला मीच गाडी चालवली. अक्का मागे, दार बंद.

"येतोय का?" मी पहिल्या वळणावर विचारलं.

"न्हाई."

सिग्नलला पुन्हा विचारलं. "न्हाई ओ."

भट्टीच्या गल्लीपाशी तिसऱ्यांदा विचारलं.

"शेंगांचा यायलाय," त्या म्हणाल्या. "गप चालवा की."

आरशात बघितलं तर त्या बाहेर बघत होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना. पाच वर्षं मी लोकांच्या बोलण्यावरून, चेहऱ्यांवरून वास ओळखत आलो आणि आज तेच जमत नव्हतं. खरंच येत नव्हता, की मला विचारायचं थांबवावं म्हणून सांगत होत्या?

घरापाशी उतरल्यावर, हळद-कुंकू लावून हात काढल्यावर त्या म्हणाल्या, "तीन बीमं येऊ देत. डोकं दुखलं न्हाई, झोप आली न्हाई, तर मी सांगते. तवर विचारायला येऊ नका."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. त्यांनी मागावरून नुसती मान हलवली, जा म्हणून. दुसरं बीम परवा आलं. तिसरं आज दुपारी यायचंय. गॅरेजात एक गाडी खड्ड्यावर उभी आहे, तिला हात लावलेला नाही. फोन समोर ठेवलाय. त्यांचा आला नाही तर आपण करायचा नाही असं ठरवलंय, आणि आत्तापर्यंत दोनदा उचलून खाली ठेवलाय.